डिस्क चांगली आहे ताई, आणि प्लीज आत्ता इरेज मारू नका

नमस्कार ताई. रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे तो तुमचा अधिकार, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या मित्रानं मॅकवर डिस्क इरेज करायला सांगितलीय आणि रविवारी ते करून बघणार, म्हणून हातातलं काम ठेवून आधी हे लिहायला बसलो. ते करू नका. बहिणीच्या लग्नाचे 600 जीबी फोटो-व्हिडिओ त्यावर आहेत आणि दुसरी कॉपी कुठंच नाही असं तुम्हीच म्हणताय, इरेज मारलं की सगळं गेलं, मग रिकव्हरीवाल्याकडं चकरा आणि तिथंही सगळं परत मिळेल याची खात्री कोण देत नाही.

आता तक्रार, बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळावी म्हणून लिहितो. आमच्याकडून 2 टीबीची हार्ड डिस्क नेली, आईच्या विंडोज लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, तुमच्या मॅकबुकला लावली की फोटो दिसतात पण नवीन एकही फाईल पेस्ट होत नाही, भावाच्या उबुंटूवर कधी चालते कधी नाही, वर 2 टीबी सांगून 1.81 च निघाली, आणि बदलून मागितली तर काउंटरवरचा पोरगा नाही म्हणाला.

त्यानं डिस्कची हेल्थ तुमच्यासमोर चेक केली, गुड आली, एक मोठी फाईल टाकून परत काढून पण दाखवली. बदलून दिली असती तर तेवढ्यापुरता वाद मिटला असता, पण दुसरा पीस पण त्याच फॉरमॅटमध्ये, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या त्याच पद्धतीत, येणार आणि मॅकबुकवर पुन्हा तेच होणार. शिवाय वॉरंटीत गेला तो पीस गेला, कंपनी दुसरा देते पण जुन्यावरचा डेटा देत नाही. म्हणून तो नाही म्हणाला आणि त्यानं बरोबरच केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

कसंय, तुम्ही नेली ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटमध्ये आहे. हा मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट, 1993 ला विंडोज एनटीबरोबर आला, विंडोजला एकदम चोख. मॅकला तो वाचता येतो पण त्यात लिहिता येत नाही, जसं एखाद्याला मोडीतली जुनी कागदपत्रं वाचता येतात पण मोडीत पत्र लिही म्हटलं की हात थांबतो. खात्री करायची असेल तर मॅकबुकला डिस्क लावा, तिच्या आयकॉनवर राइट क्लिक करून गेट इन्फो उघडा, फॉरमॅटसमोर एनटीएफएस लिहिलेलं दिसेल आणि खाली परमिशनमध्ये 'यू कॅन ओन्ली रीड' असं. डिस्क खराब असती तर फोटो असे भराभर उघडलेच नसते बघा.

1.81 चं पण सांगतो, कारण यावरून फसवलं म्हणणारे तुम्ही पहिल्या नाही. कंपनी 1000 च्या हिशोबानं टीबी मोजते, विंडोज 1024 च्या, म्हणून 2 टीबीचे तिथं 1.81 दिसतात. तीच डिस्क तुमच्या मॅकबुकवर बघा, तिथं 2 टीबीच दाखवेल, जागा तेवढीच आहे.

भावाचं वेगळंय. उबुंटू एनटीएफएसवर लिहितो, पण विंडोजमधनं डिस्क सेफली रिमूव्ह न करता ओढून काढली, किंवा फास्ट स्टार्टअपमुळं (विंडोज लवकर चालू व्हावं म्हणून असलेली सोय) लॅपटॉप पूर्ण बंद न होता अर्धवट झोपला आणि डिस्क तशीच उपसली, की उबुंटूला ती अर्ध्या कामात सोडलेली दिसते, मग तो नुसती वाचायला देतो नाहीतर उघडतच नाही. आईला सांगा, शटडाऊन करताना शिफ्ट दाबून धरायचं म्हणजे पूर्ण बंद होतो, आणि डिस्क काढायच्या आधी सेफली रिमूव्ह.

आता तिन्हीकडं चालायची असेल तर डिस्क एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करायची. विंडोजवर चालते, मॅकवर 2010 पासून चालते, आणि उबुंटू ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 2019 ला मायक्रोसॉफ्टनं माहिती खुली केल्यावर सपोर्ट आला, त्यामुळं भावाचा उबुंटू नवीन असेल तर काही टाकायला लागणार नाही. फॅट32 करा असं कोण सांगितलं तर ऐकू नका, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही आणि लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्याच्यावर जातोच. मॅकचा स्वतःचा एपीएफएस पण नको, मग आईचा विंडोज डिस्क लावल्या लावल्या फॉरमॅट करू का विचारणार आणि चुकून हो दाबलं गेलं की संपलं. पैसे भरून मॅकला एनटीएफएस लिहायला लावणारी सॉफ्टवेअर पण आहेत, रोजचं काम असेल तर ठीक, तुम्हाला गरज नाही.

एक्सफॅटचा एक तोटा आहे तो लपवत नाही. कॉपी चालू असताना वायर निघाली तर एनटीएफएस बऱ्यापैकी सावरतो, एक्सफॅट तेवढा सावरत नाही, म्हणून प्रत्येक वेळी इजेक्ट म्हणजे इजेक्टच. आणि मॅकवर टाका म्हणजे विंडोजला प्रत्येक फोटोबरोबर टिंब-अंडरस्कोरनं सुरू होणारी एक बारकी फाईल दिसू शकेल, आईला व्हायरस वाटेल, तो व्हायरस नाही.

फॉरमॅट बदलताना पण डिस्क पुसलीच जाते, म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी डेटा दुसरीकडं, मग फॉरमॅट. राजारामपुरीत दुकानावर या, आमच्या डिस्कवर सगळं कॉपी करतो, तुम्ही स्वतः चार-पाच फोल्डर उघडून बघा, मग तुमच्यासमोर एक्सफॅट करून डेटा परत टाकतो, चार्ज काही नाही. 600 जीबी आहे, यूएसबी 3 वर जायला दोन तास तरी धरा आणि परत यायला तेवढेच, त्यामुळं सकाळी डिस्क देऊन कामाला गेला तरी चालेल, फोन केल्याशिवाय आम्ही फॉरमॅटचं बटण दाबणार नाही. आणि ताई, लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर ठेवू नका, कुठल्याही कंपनीची असू दे, आईच्या लॅपटॉपवर जागा असेल तर निवडक फोटो आजच तिथं टाका.

येताना मॅकबुक पण आणा, त्याच्यावर लिहून बघितल्याशिवाय पाठवायचं नाही असं पोराला सांगून ठेवलंय. डिस्कबरोबर आलेली रुंद चपट्या तोंडाची वायर आणि तुमचा टाइप सीचा अडॅप्टर विसरू नका, तो ढिला असेल तर तेवढा पण चेक करून देतो.