दोन तारे मिळालेल्या हापूसच्या पेटीबद्दल

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. आम्ही पाठवलेल्या, न्यू जर्सीत तुम्हाला मिळालेल्या पेटीतली अर्धी फळं हिरवी होती, तीन काळी पडली, एक कापलं तर आत पांढरा, चिवट गर. पेटी आली तीही दोन दिवस उशिरा. शिवाय 'किरण मारलेला आंबा गुपचूप गळ्यात मारतात' आणि 'दादरला पावपट भावात मिळतो, ही लूट आहे' असंही लिहिलंत. चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देते.

आधी पांढऱ्या गराचं. तो साका. हापूसला ही खोड आहेच आणि ती बाहेरून कळत नाही. हातात घ्या, वास घ्या, देठाशी दाबून बघा, फळ अगदी देखणं असतं. झाडावर जास्त दिवस राहिलं, खालच्या तापलेल्या जमिनीची धग लागली, की साक्याचं प्रमाण वाढतं. म्हणूनच आम्ही चौदा आणे तयार फळ उतरवतो. दापोलीचं कृषी विद्यापीठही साधारण ८५ टक्के तयार झाल्यावरच काढायला सांगतं. तरी एखादं निघतं. साका निघालेल्या फळाचे पैसे आम्ही फोटो बघून परत करतो, तुमचेही केले आहेत.

'झाडावर पिकलेला का पाठवत नाही' असंही तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तरही यातच आलं. पाडाचा आंबा बागेत उभं राहून खायचा. तो वाशीपर्यंत कसाबसा पोचेल, नेवार्कपर्यंत त्याचा रस होईल.

आता किरणांबद्दल. यात गुपचूप काहीच नाही. अमेरिकेने भारतीय आंब्याला १८ वर्षांनी, २००७ मध्ये, दार उघडलं ते याच अटीवर. फळमाशी आणि कोयीतला भुंगा तिकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक पेटीला किमान ४०० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा द्यावी लागते. सुरुवातीला हे काम लासलगावला व्हायचं, आता पणन मंडळाचं केंद्र वाशीला आहे आणि सगळं अमेरिकी कृषी खात्याच्या देखरेखीखाली चालतं. एक्स-रे काढून आलेल्या माणसातून किरण बाहेर पडत नाहीत, तसंच आंब्याचंही आहे. तुमच्या पेटीच्या बाजूला गोलात हिरव्या पाना-फुलासारखं चिन्ह असेल. ते याच प्रक्रियेचं. तिथल्या कायद्यानेच ते छापावं लागतं.

पेटी अजून टाकली नसेल तर तिची हवेची भोकं जरा जवळून बघा. आतून बारीक जाळी चिकटवलेली दिसेल. किरणं दिल्यावर माशी आत शिरू नये म्हणून ती असते. एकदा पेटी बंद झाली की आम्हालाही ती उघडता येत नाही. म्हणजे पाठवण्याच्या आदल्या रात्री 'यातलं एक जरा मऊ वाटतंय, बदलून टाकू' हे शक्य नसतं. 'गवतातल्या पेटीची मजा नाही' असंही तुम्ही म्हटलंय. मलाही ती पेटीच आवडते, पण गवत, पेंढा यातून कीड जाते म्हणून निर्यातीच्या मालात ते चालत नाही. फोमच्या जाळीला गवताचा वास कुठून येणार! आणि हे नियम कोणी हौसेने पाळत नाही. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने आपला आंबा सरळ बंद केला होता, तो २०१५ मध्ये सुरू झाला. एकाच्या पेटीत अळी निघाली की अख्ख्या कोकणाचा हंगाम बसतो.

उशिराबद्दल. आंबा जातो तो बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्या पोटातून. प्रवाशांचं सामान जास्त झालं, वजन बसेना, की आधी कार्गो खाली उतरतो. तुमच्या खेपेचं तेच झालं. विमान कंपनीने रात्री कळवलं, आम्ही तुम्हा सगळ्यांना लगेच संदेश पाठवला. त्या खेपेबरोबर तापमान नोंदवणारं यंत्र होतं. वाशीपासून सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, शीतगृहापर्यंत रेघ १३ अंशांच्या आसपास सरळ आहे. मग माल विमानाकडे नेला, परत आणला, त्या तासांत ती थेट ३१ वर चढते आणि पुन्हा खाली येते. मे महिन्यातली धावपट्टी आहे ती. तोडलेलं फळही श्वास घेतं, आतून तापतं, वर ही उष्णता. त्यामुळे एकाच पेटीत काही फळं पुढे पळाली, काही मागे राहिली. आलेख हवा असेल तर इमेलवर पाठवते.

पण काळी पडलेली तीन फळं उन्हाने काळी पडलेली नाहीत. 'पेटी आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवली, तरी खराब झाली' असं तुम्हीच लिहिलंय. ताई, 'तरी' नव्हे, त्यामुळेच. हिरव्या हापूसला १२-१३ अंशांखालची थंडी सोसत नाही. घरचा फ्रीज ४ अंशांवर असतो. साल काळवंडते, पिकणं थांबतं आणि बाहेर काढलं तरी पुन्हा नीट सुरू होत नाही. पेटीच्या झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत 'पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका' छापलेलं आहे. या तीन फळांचे पैसे मी देणार नाही.

'तुमचा फ्रोझन आमरस दगडासारखा घट्ट येतो, मग आंब्यालाच काय होतं' हा प्रश्न मात्र आवडला. आमरसाचं काम उलट सोपं आहे. तो उणे १८ ला गोठवला, थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरला, की जितकं गार तितकं बरं. ड्राय आइसचा वायू होतो, म्हणून खोकं हवाबंद करायचं नाही आणि आत किती किलो घातला ते वर लिहायचं, कारण विमानाच्या नियमांत तो धोकादायक माल आहे. कागदपत्रांचा व्याप आहे, पण रस मेलेला असतो, आंबा जिवंत असतो. त्याला गार हवं पण फार गार नको, हवा हवी पण माशी नको.

भावाचं थोडक्यात सांगते. दादरच्या आंब्याला विमानाचं तिकीट लागत नाही. तुमच्या पेटीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा विमानभाड्याचा आहे, बागायतदाराचा नाही. तुमच्या लंडनच्या बहिणीला स्वस्त मिळतो असं तुम्ही लिहिलंत, ते खरं, कारण तिकडे किरणांची अट नाही आणि अंतरही कमी आहे. जहाजाने स्वस्त पडतं, २०२२ मध्ये अमेरिकेला तसा कंटेनर जाऊनही आला, पण त्या प्रवासाला आठवडे लागतात. माझ्या छोट्या धंद्यात ती जोखीम आज तरी झेपणारी नाही. या दरात आंबा नको वाटला तर घेऊ नका, राग नाही. लूट मात्र म्हणू नका.

राहिलेली हिरवी फळं अजून फ्रीजमध्ये असतील तर आजच बाहेर काढा, वर्तमानपत्रावर सुटी मांडा, एकावर एक नकोत. देठाजवळ वास सुटला की खायला घ्या. आठवड्यात सुटलाच नाही, तर त्यांचा मेथांबा करा.