खुलासा: गर्भनिरोधक गोळी आणि योनीमुखाचं दुखणं

‘गर्भनिरोधक गोळ्यांनी योनीमुखाचं दुखणं कायमचं जडतं, माला-एन, छाया आजच बंद करा’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. माला-एनसारख्या (दोन हार्मोन एकत्र असलेल्या) गोळ्यांनी रक्तातलं मुक्त (शरीराला वापरता येणारं) टेस्टोस्टेरॉन हे बायकांच्या शरीरातही असणारं हार्मोन घटतं, त्यामुळे काहीजणींना तिथे आग, दुखणं होऊ शकतं. पण कॅनडातल्या क्वेबेकच्या २००२च्या अभ्यासात संबंध दिसला, तर अमेरिकेतल्या मिशिगनच्या २०१३च्या पाहणीत गोळीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. ‘छाया’त तर हार्मोन नाहीतच!

दुखत असेल तर अंगावर काढू नका (‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका), स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. साधन बदलता येतं. परस्पर गोळी सोडली तर नको असताना दिवस जाऊ शकतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.