वॉल काढला म्हणून गाडी गार होत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. साडूंनी पाठवला, कॉलनीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या जुन्या मित्रांनी टाकला आणि शेवटी पुतण्याने 'काका, हे खरं का?' म्हणून विचारलं. 'गाडी जुनी झाली? मिस्त्रीचे पैसे वाचवा' असं त्याचं डोकं आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा'. मधला माल थोडक्यात असा: गाडी तापते? थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेका. उन्हाळ्यात कूलंट नको, साधं पाणी भरा. बॅटरी उतरते? चालू इंजिनावर टर्मिनल काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गेला. धुराच्या रंगावरून इंजिनाचा रोग ओळखा. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर बॅटरी दहा मिनिटं सोडवा. खड्ड्यात खडखड म्हणजे शॉकअप गेले. एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला. आणि तळाला, दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता बेकायदा आहे, विकून मोकळे व्हा.

मी मिस्त्री नाही. जळगावात राहतो, 2011 ची डिझेल गाडी वापरतो, किलोमीटर 1 लाख 80 हजारांच्या पुढे गेलेत. वरच्यापैकी निम्मे उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून लिहितो.

वॉलपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे हा सल्ला मेसेजच्या कितीतरी आधीपासून चालत आलाय. 'आपल्याकडच्या उन्हात वॉल लागतोच कशाला?' हे वाक्य खान्देशातल्या गॅरेजात मी अनेकदा ऐकलंय. ऐकायला पटतंही. पण हा वॉल बाहेरच्या उन्हाकडे बघत नाही, आतल्या पाण्याकडे बघतो. त्याच्या पोटात मेणाची डबी असते. पाणी साधारण 82 ते 88 अंशांवर गेलं की मेण फुगतं आणि झडप उघडून रेडिएटरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीची, वाट मोकळी होते. मे महिन्यात भुसावळात बाहेर 46 अंश असले तरी वॉलच्या हिशेबात ते गारच. इंजिन तापायच्या कितीतरी आधी तो पूर्ण उघडलेला असतो. उघडं दार चौकटीतून उखडलं म्हणून खोलीत जास्त वारा येत नाही.

उलट नुकसानच जास्त. बऱ्याच इंजिनांत हाच वॉल उघडताना दुसरी एक वाट बंद करतो, पाणी रेडिएटरला न जाता परस्पर इंजिनात परतायची. वॉल काढला की ती वाट कायम उघडी राहते. काही गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता आतल्या आत फिरतं. म्हणजे गार करायला काढलेल्या वॉलमुळेच गाडी तापू शकते. हिवाळ्यात इंजिन वेळेवर गरम होत नाही, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते.

माझा अनुभव असाच. गाडी तापायला लागली, एका मिस्त्रीने वॉल काढून हातात दिला, 'आता बिनघोर फिरा' म्हणाला. हिवाळ्यात सकाळी शेताकडे जाताना तापमानाचा काटा अर्ध्यावर चढेना आणि ॲव्हरेज लिटरमागे दोन-अडीच किलोमीटरने पडलं. पुढच्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, एसी चालू, गाडीत पाच माणसं, काटा थेट लाल रेषेला. गाडी बाजूला घेतली, पाऊण तास थांबलो, उतारावरून परत खाली आणली. पायथ्याजवळच्या एका छोट्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने 'काय व्हयनं भाऊ?' एवढंच विचारलं. पाना हातातसुद्धा घेतला नाही. पुढची जाळी काढली, टॉर्च लावली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

पुढे एसीची जाळी असते, तिच्या मागे रेडिएटर आणि दोघांमध्ये दोन बोटांची फट. त्या फटीत घोंगडीसारखा एक थर बसला होता. बोटाने ओढला तर सलग निघाला. कापूस, धूळ, मेलेले किडे, सगळं एकत्र दाबलेलं. दिवाळीनंतर आपल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या किती धावतात ते वेगळं सांगायला नको, बाभळीच्या काट्यांनासुद्धा कापूस लटकलेला असतो. तोच उडून गाडीच्या तोंडात जातो. पुढून बघितलं तर एसीची जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही. मिस्त्रीने मागच्या बाजूने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी मारलं. दहा मिनिटं काळं पाणी वाहत होतं. नवा वॉल बसवून पुढच्या रविवारी त्याच घाटाने त्याच माणसांना घेऊन गेलो. काटा मधेच राहिला.

म्हणून तापणाऱ्या गाडीला पहिला प्रश्न 'केव्हा तापते?' हा विचारायचा. सिग्नलला, रेल्वे फाटकावर उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो? मग फॅन बघा. फॅनची मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर. गावात ठीक, पण हायवेला किंवा चढाला तापते? मग रेडिएटर आतून किंवा बाहेरून भरलेला, नाहीतर पाण्याचा पंप. रेडिएटरचा वरचा होजपाइप चटका देणारा आणि खालचा गार? तेव्हा मात्र वॉल बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो, किंवा रेडिएटर चोंदलेला. वॉलवर संशय असेल तर काढून फेकायची गरज नाही. जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेवा, वॉल दोऱ्याने त्यात सोडा. पाणी उकळायच्या आत त्याने तोंड उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर नवा आणा. आणि कुठे थेंबही न गळता पाणी कमी होतंय, थंड गाडी चालू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा कडक होतोय, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि खालचा भाग यांच्यामधल्या पॅकिंगचा विचार करा. तिथे घरगुती उपाय पुरे.

साध्या पाण्याचा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे म्हणूनच तो घातक. नुसतं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा सरस आहे, हे खरं. पण रेडिएटरची कॅप साधारण 1 बार दाब धरते. त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर 129 च्या आसपास. घाटात हेच आठ-नऊ अंश कामाला येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि आपण 'साधं पाणी' म्हणतो ते बहुतेक वेळा बोअरचं असतं. बाथरूमच्या नळाला जो पांढरा थर चढतो, गीझरची कॉइल ज्याने जाते, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वाटेत अडचण आली तर बाटलीतलं पाणी ओता, काही बिघडत नाही. घरी आल्यावर मात्र ते काढून डिस्टिल्ड पाण्यात कालवलेलं कूलंट भरा. आणि गरम गाडीची कॅप उघडायची नाही. फडकं धरूनही नाही.

आता टर्मिनल. चालू इंजिनावर बॅटरी काढायची ही चाचणी ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळातली. त्या गाड्यांत जळायला कॉम्प्युटरच नव्हता. आजच्या गाडीत बॅटरी ही नुसती टाकी नाही, व्होल्टेजचे धक्के पचवणारी उशीही आहे. ती एकदम काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतं आणि त्याची झळ थेट ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला. नव्या ईसीयूच्या किमतीत दोन-तीन बॅटऱ्या सहज येतील. शिवाय गाडी बंद नाही पडली तरी त्यावरून अल्टरनेटर पुरेसा भरतोय हे सिद्ध होत नाही.

तीनचारशे रुपयांचा मल्टिमीटर हेच काम बिनधोक करतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मोजा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.0 म्हणजे जवळजवळ रिकामी. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून बघा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान दिसलं की अल्टरनेटर काम करतोय. रोज सकाळी उतरलेली सापडते, पण चार्ज केली की दिवसभर ठणठणीत? मग गाडी बंद असताना काहीतरी वीज पितंय, बऱ्याचदा नंतर बसवलेला टेप किंवा डिकीचा दिवा. मीटर बॅटरीच्या ऋण तारेत लावून, दारं बंद करून थोडं थांबा. आकडा 50 मिलिॲम्पिअरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल तिथे चोर.

आणि एवढं सगळं करायच्या आधी टर्मिनल नुसती हलवून बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून, गाडी बंद ठेवून, जुन्या टूथब्रशने घासा. आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं डिसेंबरात. उष्णतेने आतल्या प्लेट झिजतात, पण सेल्फ सहज फिरतो म्हणून लक्षात येत नाही. मग धुळ्याचा पारा एक आकडी झाला की पहाटे नुसतं 'टक' होतं आणि दोष थंडीला जातो.

धुराच्या बाबतीत मेसेजचं म्हणणं: काळा म्हणजे इंजिन संपलं, पांढरा म्हणजे गॅस्केट, निळा म्हणजे पिस्टनची रिंग. रंग बघायचा हे बरोबर, पण वेळ न बघता रंग बघून काही कळत नाही. हिवाळ्यात सकाळी निघणारा आणि पाच मिनिटांत विरणारा पांढरा धूर ही पाण्याची वाफ, तिच्यापायी गॅस्केट खोलणारा गाडीचा शत्रू. डिझेल गाडीत थंड इंजिनावर डोळे चुरचुरणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तिथे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनाला आतून ऊब देणारे प्लग, आधी तपासा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. एअर फिल्टर काढून झटका, टर्बोचा होज कुठे फाटलाय का बघा. इंजिन संपल्याची बातमी एवढ्या स्वस्तात पसरवू नये.

निळा मात्र खरंच ऑइल जळल्याचा. तरी निळा म्हणजे रिंगच असं नाही. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. खाली आल्यावर पाय दाबला आणि आरशात निळा भपका दिसून गेला, तर संशय इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या सीलवर, म्हणजे वरून ऑइल आत गळू न देणाऱ्या रबरांवर. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या सेल्फला एकच भपका, तरी तेच. चढाला, जोर लावताना सतत निळा येत असेल तर रिंग. सील बदलणं आणि इंजिन बांधणं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पिवळा दिवा. बॅटरी सोडवली की दिवा विझतो, हे खरं. पण ईसीयूने लिहून ठेवलेली तक्रारही त्याबरोबर पुसली जाते. डॉक्टरकडे जायच्या आधी रिपोर्ट फाडून टाकल्यासारखं. गेल्या बारा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. कोड आला म्हणून त्या नावाचा पार्ट बदलायचा नाही, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पुतण्याच्या पेट्रोल गाडीने पहिला सिलिंडर मिस होतोय असा कोड दिला. त्याने पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी फिरवली. कोड दुसऱ्या सिलिंडरवर गेला. म्हणजे दोष कॉइलचा. कोड पहिल्यावरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं.

खडखडीचं उत्तर छोटं. शॉकअप गेलेली गाडी खडखडत नाही, झुलते. कोपरा जोरात दाबून सोडा, दोन-तीनदा हेलकावे खाल्ले किंवा शॉकअपवर ऑइल ओघळलेलं दिसलं तर तो गेला. बारीक खड्ड्यांवरची कोरडी खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची किंवा बुशांची (सस्पेन्शनचे जोडदांडे आणि त्यातली रबरं) असते, शॉकअपच्या मानाने किरकोळ काम. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट होत असेल तर तो ॲक्सलचा जॉइंट, त्याचं रबरी बूट फाटलंय का ते बघा.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे कुठेतरी गळतोय. गळतो तिथे सोबत ऑइलही बाहेर येतं, जोडांवर तेलकट धुळीचा डाग शोधा. पण त्याआधी कापसाची ती घोंगडी आठवा. एसीची जाळी आणि फॅन नीट नसतील तर नवा गॅसही तसाच गरम वारा देतो.

राहिला शेवटचा मुद्दा. दहा वर्षांवरच्या डिझेलची बंदी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची भानगड आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारला तिचा संबंध नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, मग आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. 15 वर्षं भरली की माझीही त्या रांगेत उभी राहणार. साडूंची आधीच राहिलीय आणि पास झालीय, तरी मेसेज पाठवणारे पहिले तेच. काल त्यांना फोन करून सकाळचं रीडिंग विचारलं. 12.1 म्हणाले. टर्मिनल घासलीत का म्हटलं, तर म्हणे मेसेजमध्ये तसं कुठे लिहिलंय?