दिवा लागला तर बल्ब काढा

तुमच्याकडे जुनी गाडी आहे, हाताशी रविवार आहे आणि मोबाइलमध्ये नेट आहे. मग गॅरेजवाल्याचं काय काम? तो लुटारू आहे यावर तर सगळ्या सोसायटीचं एकमत आहेच. मिसरूड फुटायच्या आधीपासून ग्रीसमध्ये हात घालून बसलेला माणूस. बॉनेट उघडून दहा सेकंद कान देतो, "साहेब, टॅपेट वाजतायत" म्हणतो आणि त्याचे पैसे मागतो. तुम्ही अख्खा व्हिडिओ पाहिलाय, तोही मधला कंटाळवाणा भाग पुढे ढकलून.

पुढचं सगळं मार्गदर्शन मारुती ८०० समोर ठेवून केलं आहे, कारण घरगुती कारागिरी आपल्याकडे सगळ्यात जास्त तिनेच सोसली. १९८३ साली आली, २०१४ मध्ये कंपनीने बनवणं थांबवलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि २०००च्या आसपासपर्यंत हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे फिरवायला स्क्रू. पुढे एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, गाडीत संगणक बसला आणि मालकाच्या अंगची कला तिथेच मेली. प्रीमियर पद्मिनीवाल्यांना मात्र मी सल्ला देत नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली गाडी ज्याने आजवर चालती ठेवली, त्यानेच मला चार गोष्टी सांगाव्यात.

आधी हत्यारं. पान्यांचा पूर्ण सेट घेणं हा निव्वळ उधळेपणा. एक स्क्रू-पाना घ्या. तो सगळ्या मापांना बसतो, म्हणजे कुठल्याच मापाला नीट बसत नाही. दोन-तीन रविवारांत बोल्टची षट्कोनी डोकी गुळगुळीत गोल होतील. मग ते बोल्ट तुम्हालाच काय, चोरालाही काढता येणार नाहीत. नट किती आवळायचा याची मापं कंपनीने दिलेली असतात आणि त्यासाठी टॉर्क पाना म्हणून एक वस्तूही मिळते. तुम्ही दातओठ खाऊन आवळा. स्पार्क प्लग तर नक्कीच तसा आवळा. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून प्लग आधी बोटांनी फिरवून बसवायचा आणि पाना शेवटी लावायचा, असं मेस्त्री सांगतात. त्यांना वेळ असतो. आटे गेले तर जातात, पण ताकद कमी पडली असं कुणी म्हणता कामा नये.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. दुकानदार विचारेल, "ओरिजिनल पाहिजे का चालेल ते?" तुम्ही बाणेदारपणे म्हणा, "चालेल ते." गाडी चालेल का, असं त्याने विचारलेलं नाही हे लक्षात ठेवा.

आता मुख्य शास्त्र. दुखणं वेगळं आणि दुखण्याचं लक्षण वेगळं, असं डॉक्टर लोक मानतात. घरगुती दुरुस्तीत हा भेद पाळायचा नाही. लक्षण दिसेनासं झालं की दुखणं बरं झालं.

उदाहरणार्थ, डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. ऑइलची पातळी तुम्ही काडी काढून बघायची असते. हा दिवा सांगतो तो ऑइलचा दाब. दाब गेला की इंजिनाची बेअरिंगं कोरडी घासायला लागतात, आणि त्यांना संपायला फार वेळ लागत नाही. म्हणून भित्रे लोक तिथल्या तिथे इंजिन बंद करतात. तुम्ही मीटरच्या मागे हात घाला, बल्ब चिमटीत धरा, पाव फेरा फिरवा आणि ओढून घ्या. दिवा गेला. बल्ब टाकू नका. स्पीडोमीटरच्या मागचा कधीपासून बंद आहे, तिथे लागेल.

आवाजाचंही तसंच. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवल्यावर पुढच्या चाकातून कट-कट-कट ऐकू येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट बोलतोय. त्याचं बोलणं ऐकून घ्यायची सक्ती नाही. डावीकडून जा. ऑफिसला पोचायचे चार रस्ते असतात. एखादा आवाज सरळ रस्त्यावरही येत असेल तर तेवढ्यासाठीच आपण मागच्या काचेखाली दोन भलेमोठे स्पीकर बसवलेले आहेत. त्यांची किंमत भंगारवाला सबंध गाडीची सांगतो त्यापेक्षा जास्त आहे, पण हौसेला मोल नसतं.

धुराच्या रंगावरून म्हणे निदान होतं. निळसर असला तर इंजिन ऑइल पितंय, काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा दाट, गोडसर वासाचा असला तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, उडून कूलंट जळतंय. एवढं पाठांतर कशाला? गाडी उलटी लावा. सायलेन्सर भिंतीकडे केला की धूर मागच्या इमारतीचा.

रेडिएटर गळतोय? स्वयंपाकघरातून हळद आणा. थट्टा नव्हे, हा रस्त्यावरचा जुना आणि खरा उपाय आहे: चमचा-दोन चमचे हळद पाण्यात टाकली की ती भोकापाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. ट्रकवाल्याला तो पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत पुरतो. तुम्ही तो चार वर्षं पुरवायचा. भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला कळत नाही, त्यामुळे रेडिएटरच्या ज्या बारीक नळ्यांतून पाणी फिरून थंड व्हायचं, तिथेही ती मुक्काम करते. माणसाला अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची हौस असते. गाडीला दोन चमचे पुरतात. वर कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरा. कूलंटने गंज धरत नाही, क्षार बसत नाहीत, पाणी उशिरा उकळतं. पण बोअरचं फुकट आहे.

मग कधीतरी सिंहगडाच्या चढावर काटा लाल रेघेला टेकेल आणि झाकण उघडून आत काय चाललंय ते बघायची तुम्हाला अनावर इच्छा होईल. त्या झाकणाने आतलं पाणी दाबाखाली धरलेलं असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळलेलं नसतं. कुकर उतरल्या उतरल्या झाकण ओढू पाहणाऱ्या माणसाला घरात ओरडणारं कुणीतरी असतं. घाटात बॉनेटपाशी कुणी नसतं.

पेट्रोलचा वास येत असेल तर लिंबाच्या वासाची बाटली आरशाला टांगा. टाकीच झिरपत असेल तर धुण्याच्या साबणाची वडी ओली करून चिरेवर घासा. हाही ट्रकवाल्यांचाच उपाय आणि हाही पुढच्या गावापुरताच. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नव्वदच्या दशकातल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली पॅकिंगं त्याच्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, तडकतात, मऊ पडतात. या नळ्या स्वस्त असतात, बदलायलाही सोप्या असतात, घरी करण्यासारखं हे अगदी योग्य काम आहे. म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

विजेच्या कामात थोडं रमायला हरकत नाही, कारण इथे आपल्या प्रतिभेला खरा वाव आहे. कंपनीने हेडलाइटला ६०/५५ वॅटचे बल्ब दिलेले असतात. बाजारात १००/९० वॅटचे मिळतात आणि खाचेत बरोबर बसतात. बसतात म्हणजे चालतात, हे आपलं तत्त्व. आता साठचे दोन बल्ब मिळून बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात. शंभरचे दोन सोळाच्या वर जातात. शहाणे लोक यासाठी वेगळी जाड वायर बॅटरीपासून ओढून रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारं वेगळं स्विच, बसवतात. तुम्ही जुन्याच वायरीवर लावा. पहिल्या रात्री समोरच्याचे डोळे दिपतील, तुमची छाती फुगेल. मग फ्यूज उडेल. नवा घातला की तोही उडेल. तिसऱ्यांदा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घाला, ती उडत नाही. फ्यूजचं काम वायरीच्या आधी जळणं. ते काम त्याच्याकडून काढून घेतल्यावर ते वायरीकडे जातं, आणि वायर ते डॅशबोर्डच्या मागे, कुणाला न सांगता करते.

आता ब्रेक. खरं तर हा विषय मी टाळणार होतो, कारण ब्रेक दिसत नाहीत, वाजत नाहीत आणि त्यांचे फोटो टाकले तर कुणी लाइक करत नाही. पण पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये जी गंमत आहे, ती दुसरीकडे कुठे नाही.

गाडी जॅकवर घ्या. जॅक उचलण्यापुरता असतो, धरून ठेवायला स्टँड लागतात. ते आणण्यापेक्षा सोसायटीच्या टाकीच्या कामातल्या दोन विटा पडल्यात त्या लावा. फुटण्याआधी वीट कल्पना देत नाही, म्हणून खाली सरकण्यापूर्वी विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते घरात सांगून ठेवा. मग दोन्ही मागचे ड्रम एकदम उघडा. मेस्त्री एका वेळी एकच बाजू उघडतो, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलं तर दुसऱ्या बाजूला बघता येतं. तुम्ही कॉपी करणाऱ्यांतले नाही. आतली काळी पूड तोंडाने फुंकून उडवा; ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते आता तुमच्याकडे. लायनर जोडताना वरची स्प्रिंग पक्कडीतून सुटून पार्किंगच्या अंधारात जाईल आणि टण् असा आवाज शेजाऱ्यांच्या नव्या गाडीकडून येईल. तिकडे लगेच बघू नका.

यानंतर ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं. याला दोन माणसं लागतात: एक सीटवर पॅडल दाबायला, एक खाली निपल उघडायला. पॅडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, हवेचे बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच पॅडल सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा उलट आत जाते. सीटवर अर्थातच सौभाग्यवती, कानाला फोन लावून.

"अगं, दाब."

"दाबलाय."

"जोरात दाब. आता सोडू नकोस."

"काय म्हणालात?"

"सोडू..."

"सोडला. किती वेळ आहे अजून? ताई विचारतेय, जेवायला येताय ना."

असं दुपारपर्यंत चालतं. शेवटी पॅडल स्पंजासारखं मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केलं की जरा कडक होतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकच शिकवायचं: ब्रेक लावायच्या आधी दोन-तीनदा पंप करायचं. समोर अचानक रिक्षा वळली तर तिलाही थोडं थांबायला सांगायचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं असतं. तुमच्या टाकीतलं चहाच्या रंगाचं झालंय. आंबेनळी घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल पार खाली जातं, गाडी मात्र पोलादपूरच्या ओढीने धावत राहते.

हे काम आटोपलं, किंवा अर्ध्यावर राहिलं, की खऱ्या आनंदाकडे वळू: सुधारणा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ज्याने केली त्याने आपली पार्किंगं पाहिली असावीत. बारा इंचांच्या चाकांच्या जागी तेराची अलॉय घाला. टायरचा घेर वाढला की स्पीडोमीटर खरा वेग लपवतो, आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासून रबराचा वास सोडतं. टायर जुनेच वापरा. त्यांच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१५ म्हणजे २०१५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. काळा पॉलिश मारला की ते आकडे वाचता येत नाहीत. पुढे बंपरवर लोखंडी गार्ड ठोका, काचांना काळी फिल्म लावा, एअर फिल्टर काढून टाका म्हणजे इंजिन गुरगुरेल. काचेवरच्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली, गार्डवर केंद्राने २०१७ मध्ये घातली, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रूपात बदल करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं. पण कायदा हवालदाराच्या रूपाने चौकात उभा असतो, आणि कुठल्या चौकात कधी उभा असतो ते तुम्हाला पाठ आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला आरटीओत जाताना मात्र आदल्या रात्री सगळं काढून पलंगाखाली ठेवा. संध्याकाळी परत लावायला घ्या, तेवढाच सराव.

एवढं करूनही गाडी विकायची वेळ येईल. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला असा हिशेब असल्यामुळे किंमत मसाल्याची सांगा. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन चांगलं गरम करून ठेवा, कारण थंड इंजिन सुरू करताना धूर आणि खडखड दोन्ही खरं बोलतात. जाणता माणूस आला तर तो आधी बॉनेटवर तळहात ठेवेल, गरम लागलं की "पुन्हा कधीतरी येतो" म्हणेल आणि येणार नाही. त्याला जाऊ द्या. तुमचा माणूस तो नव्हे. तुमचा माणूस आधी स्पीकर वाजवून बघतो, अलॉयवर बोटाने टकटक करतो आणि "भारी ठेवलीय" म्हणतो. त्याच्याशी खोटं बोलायचं काही कारण नाही. ब्रेकचं थोडं काम आहे, असं स्वच्छ सांगा. तो हसून म्हणेल, "ते काय, मी घरीच करतो."

पैसे मोजून घ्या, किल्ली द्या, आणि तो गेटबाहेर पडेपर्यंत गाडीच्या समोर उभे राहू नका.