कव्हर काढू नका

तुमच्यात 'काहीतरी' आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लहानपणी कुणी पाहुणा म्हणालाही होता, "हातात कला आहे हो पोराच्या!" झालं, दाखला मिळाला. आता तो नीट जपायचा. वापरायचा मात्र नाही. वापरलं की कळतं, आणि कळलं की नुसतंच 'बरं आहे' असं निघायची भीती. न काढलेल्या चित्राला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

"मी मनात आणलं असतं ना, तर..." हे वाक्य घोटून ठेवा. पुरं करू नका. 'तर'पाशी थांबून खिडकीबाहेर बघायचं. एवढं जमलं की निम्मी साधना झाली.

कुणी फारच टोचलं तर डार्विनला पुढे करा. नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला १८३८मध्ये सुचली, ग्रंथ आला १८५९मध्ये. एकवीस वर्षं! समोरचा गप्प बसतो. मधली आठ वर्षं तो खडकाला चिकटणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जीवांची चिरफाड करत बसला होता, हे आपण होऊन सांगायचं कारण नाही. पुढे १८५८मध्ये वॉलेस नावाच्या दुसऱ्या एका निसर्गअभ्यासकाचं टपाल आलं, त्यात नेमका तोच विचार, आणि बिचाऱ्याची धावपळ उडाली. तेव्हा टपाल फोडताना जपून.

आणि तुमच्या मनातलं दुसऱ्याच कुणी करून दाखवलं तर? तिथे थोर गणिती गाउस. तरुण यानोश बोल्याईने नवी भूमिती मांडली, तेव्हा १८३२मध्ये गाउसने यानोशच्या वडिलांना कळवलं की, याची स्तुती म्हणजे माझीच स्तुती, हे तर माझ्या डोक्यात कित्येक वर्षं आहे. काय रुबाब! त्याच्या डोक्यात ते खरोखरच होतं, पण इतक्या खोलात आपण शिरायचं नाही.

साहित्य मात्र भरपूर घ्या. खरेदीसारखा सराव नाही. माझ्याकडे जलरंगांच्या बारा ट्यूबा आहेत, चांगला कागद मिळेपर्यंत राखून ठेवलेल्या. कागदही मिळाला, तोही राखून ठेवला. कुंचल्याच्या केसांना दुकानातून आला तेव्हाचा डिंक अजून तसाच आहे, टोचतो बोटाला. परवा सहज निळ्याचं झाकण फिरवलं, तर झाकण हलेना, ट्यूबच पिळवटली. दाबून पाहिली, आत खडा. मला अगदी कृतकृत्य वाटलं.

तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणालं, "जलरंगच ना? ट्यूब काप, पाणी लाव. परत चालू होतो तो."

मी घाईघाईने पेटी मिटली आणि माळ्यावर टाकली.