मागच्याचं मागचा बघून घेईल

रविवारी पहाटे साडेपाचला सायकली घेऊन सात रस्ता चौकात जमायचं ठरलं असेल, तर तुम्ही पावणेसहाला घरातून निघा. वेळेवर येणाऱ्याला सोलापुरात कामधंदा नसतो, असा एक समज आहे. पोहोचलात की "थांबा, जरा हवा मारून घेतो" म्हणा आणि दुसऱ्याचा पंप मागा. पंपाचं तोंड तुमच्या व्हॉल्व्हला बसलं नाही, तर पंपवाल्याकडे असं बघा की हा व्हॉल्व्ह त्यानंच शोधून काढला. उन्हाळ्यात ही वीस मिनिटं फार मोलाची असतात. परतताना दहाच्या उन्हात डांबर मऊ झालं की सगळ्यांना तुमची आठवण येते.

आता तुळजापूर. ४५ किलोमीटर, शेवटी घाट. आषाढ-श्रावणात जाल तर वारं नैर्ऋत्येचं, म्हणजे जाताना नेमकं पाठीवर. हँडलवरचा मीटर ३५ दाखवायला लागला की वाऱ्याचं नाव काढायचं नाही. गेला महिनाभर रात्री भाकरी सोडून ओट्स खाल्ले, त्याचं हे फळ, असंच धरून चाला. आणि हे लगेच शेजारच्याला सांगा. सांगताना तुमचं पुढचं चाक त्याच्यापेक्षा वीतभर पुढे ठेवा. तो बरोबरीला आला की पुन्हा वीतभर. रूपाभवानीच्या देवळापासून तामलवाडी गावापर्यंत हा खेळ खेळता येतो. तोंडानं "आज आरामात जायचं की ओ" चालू ठेवलं की झालं.

ग्रुपमध्ये मुख्य गंमत ओळीत चालण्याची. पुढचा वारा कापतो, मागच्याची २५-३० टक्के मेहनत वाचते. म्हणून पुढे कधी जायचंच नाही. फारच गळ्याशी आलं आणि तुमची पाळी लागली, तर २८ नं चाललेली ओळ एकदम ३४ वर न्या. शंभर मीटरात दोघं सुटतील, तिघं शिव्या देतील. मग छातीला हात लावून बाजूला व्हा आणि परत सगळ्यांत मागे लागा. याला लीड देणं म्हणतात, असं नंतर सांगता येतं.

मागच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याला रस्ता दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते, फार तर त्याच्या चड्डीवरची शिलाई. म्हणून पुढचा बोट खाली करून खड्डा दाखवतो, हात मागे फिरवून गतिरोधक सांगतो, "डावीकडं!" म्हणून ओरडतो. म्हणजे ते बोट हेच मागच्याचे डोळे. तुम्ही मात्र हात हँडलवरच ठेवा. खड्डा स्वतः झोकात चुकवा, अगदी शेवटच्या क्षणी. मागच्याचं मागचा बघून घेईल. (उसाच्या हंगामात तर आणखी बरं. पहाटेच्या अंधारात बिनादिव्याची जोड ट्रॉली तुम्हाला दिसली म्हणजे सगळ्यांना दिसली.)

हे मी अनुभवानं सांगतोय. गेल्या श्रावणात तामलवाडीच्या अलीकडे पुढच्यानं असाच एक खड्डा चुकवला आणि तो मला मिळाला. खाडकन आवाज, मग फुस्स.

"खड्डा सांगायला काय झालं बे?"

"तुला डोळे न्हाईत का बे?"

बस, एवढ्यावर भागत नसतं. चौदा सायकली रस्त्याकडेला आडव्या, दोन पक्ष पडले. मागच्या महिन्यात अक्कलकोट रोडला कुणी कुणाला न थांबता सोडून गेलं, तेही निघालं. उप्पीटाचे पैसे कुणी दिले नाहीत, तेही. मी तर हेल्मेट काढून हातात घेतलं होतं, भांडताना कपाळ मोकळं लागतं.

वीसेक मिनिटांनी वळून बघतो तर माझं चाक बसवून तयार. ग्रुपात एक काका आहेत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. त्यांनी टायर आतून बोटानं चाचपला होता, काच-काटा नाही बघून स्वतःजवळची ट्यूब घातली होती. जुनी ट्यूब माझ्यासमोर धरली. शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. "खड्ड्याचंच हाय," म्हणाले, "आणि हवाबी कमी होती तुमची." हे दुसरं वाक्य त्यांनी हळू सांगितलं, म्हणून मी ते ऐकलं नाही. तुम्हीही ऐकू नका.

कोजागिरीला याच रस्त्यानं हजारो माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात, कितीतरी अनवाणी. ती एकमेकांना वाट कशी देतात, याकडे लक्ष द्यायची गरज नाही. त्यांच्याकडे मीटर नसतो.

घाट चढलो. चड्डीवर देवळात कसं जायचं, म्हणून बाहेरूनच शिखराला हात जोडले, आणि परत फिरलो. तेव्हा ते पाठीवरचं वारं तोंडावर आलं. ३५ चे १७ झाले. अशा वेळी भांडण मिटवून टाकावं, बोलायला दम पुरत नाही. मघाचा माझा वैरी आणि मी, दोघंही गुपचूप एकाच पाठीमागे लपलो. पाठ काकांची होती. "काका, पाळी बदलू का?" हे प्रत्येकानं एकेकदा विचारलं, ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात.

रूपाभवानीशी पांगापांग झाली. थांबायचं नाही, आभार मानायचे नाहीत, सरळ घड्याळातली सरासरी बघायची. मीही तेच करत होतो. काका हात वर करून गल्लीकडे वळले. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण खचलेलं होतं. त्यांनी डावा हात खाली केला, बोटानं ते दाखवलं आणि बाजूनं निघून गेले.

मागे कुणीच नव्हतं.