कापसाच्या रानात कारखाने उभारण्याची पद्धत

यादवी युद्ध हरलात, गुलामगिरी गेली आणि शिवारात कापसाशिवाय काही नाही? घाबरू नका. अमेरिकेच्या दक्षिणेने १८६५नंतर सगळा धडा घालून दिलाय, तुम्ही फक्त गिरवायचा.

आधी प्रदर्शन भरवा. अटलांटाने १८८१मध्ये भरवलं, तेव्हा सकाळी वेचलेल्या कापसाचा सूट संध्याकाळी गव्हर्नरसाहेबांच्या अंगावर होता. वेचणाऱ्याच्या अंगावर काय होतं, ते बघायला पाहुणे येत नसतात. मग भाषण. संपादक हेन्री ग्रेडी १८८६ साली थेट न्यूयॉर्कच्या मेजवानीत ‘नवी दक्षिण’ खपवायला उभे राहिले. भांडवल तिथेच होतं.

शेतकऱ्याला मात्र कर्जातून सुटू देऊ नका. दुकानदाराने पीठ, खारवलेलं मांस, खत उधार द्यायचं, रोखीपेक्षा चढ्या भावाने, आणि उभं पीक गहाण लिहून घ्यायचं. अट एकच, कापूसच लाव. मका लावला तर घरचंच खाईल, मग दुकानाची पायरी कशाला चढेल? सगळ्यांनी कापूस लावल्यावर १८९४मध्ये भाव पौंडाला पाच सेंटच्या खाली गेला. (विदर्भातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको.) बुडालेलं गोरं कुटुंब पोराबाळांसकट गिरणीच्या वस्तीत येतं. खोली गिरणीची, दुकानही गिरणीचं. काळ्यांना फक्त झाडलोट आणि गठ्ठे वाहायला ठेवा, म्हणजे तुटपुंज्या पगारातही गोऱ्याची मान ताठ राहते.

लोखंडासाठी अलाबामातलं बर्मिंगहॅम. खनिज, कोळसा, चुनखडी सगळं जवळ. खनिजात फॉस्फरस जास्त, बेसेमर पद्धतीने (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून) धड पोलाद होत नाही, म्हणून बरीच वर्षं कच्चं लोखंडच विका. खाणीला मजूर महाग पडतात? रिकामा फिरतो म्हणून काळ्या माणसाला पकडा, दंडावर कोर्टखर्च चढवा, रकमेचे दिवस करा आणि कैदी खाणमालकाला भाड्याने द्या. गुलाम मेला तर धन्याची रक्कम बुडायची, कैदी मेला तर दुसरा मिळतो. अलाबामात ही सोय १९२८पर्यंत होती. धोका एवढाच की टेनेसीत कोल क्रीकच्या खाणकामगारांनी १८९१मध्ये आपल्या जागी आणलेल्या कैद्यांना पहारेकऱ्यांसकट आगगाडीत बसवून नॉक्सव्हिलला धाडलं.

पुढे फॉस्फरस काढू शकणाऱ्या ओपन हार्थ भट्टीत पोलाद जमलं की बर्मिंगहॅमची पोलाद कंपनी उत्तरेच्या हवाली करा. १९०७मध्ये ती यूएस स्टीलने घेतली. मग बर्मिंगहॅमच्या गिऱ्हाइकाने गावच्याच भट्टीचं पोलाद घेतलं, तरी उत्तरेतल्या पोलादनगरी पिट्सबर्गच्या भावावर टनाला आधी तीन, नंतर पाच डॉलर जादा. तक्रार जरूर करा. या भावपद्धतीला केंद्रीय व्यापार आयोगाचा मनाई हुकूम १९२४मध्ये निघाला.